डोळे कुणावर गेले

बाळ पाहायला आलेला माणूस साधारण तीन वाक्यं बोलतो. नाक बापाचं आहे. हनुवटी आईवर गेली आहे. आणि डोळे अमक्याचे.

बिट्टीच्या बाबतीत तिसरं वाक्य साडेचार महिन्यांत कुणीही पुरं केलं नव्हतं. माणसं पाळण्यावर वाकायची, नाकावरून हनुवटीवर यायची, पुन्हा वर जायची आणि मग पंख्याबद्दल बोलायला लागायची. पंखा फार जोरात नाही ना, बाळाला बाधेल. बिट्टीची आई पार्सल ऑफिसात काउंटरवर बसायची. माणसाचा चेहरा पाहून पार्सलात काच आहे की कपडे, हे तिला कळायचं. हे पंख्याचं तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

बिट्टीचा उजवा डोळा उत्तम होता. डावा जन्मतःच वाटाण्याएवढा राहिला होता आणि त्याला दिसत नव्हतं. बाकी पोर ठणठणीत, दूध पिऊन लाथा झाडणारी. डॉक्टरांनी सांगितलं, की त्या खोबणीत सहाव्या आठवड्यापासून पारदर्शक कवच बसवायचं आणि दर काही आठवड्यांनी थोडं मोठं करत न्यायचं. आत काही नसेल तर तिथलं हाड वाढायचा कंटाळा करतं. कवच बसवण्यासाठी त्यांनी डोळेवाल्या बाईंचा, म्हणजे कृत्रिम डोळे करणाऱ्या बाईंचा, पत्ता दिला.

बाईंची कार्यशाळा एका चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खोल्या. पुढच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर, एक बाईंची आणि एक पेशंटची. मागच्या खोलीत प्लास्टिकचे साचे आणि एक प्रेशर कुकर, ज्यात डोळे शिजायचे. बुबुळ रंगवायचे ब्रश तीन केसांचे. पांढऱ्यावरच्या शिरा रंगाच्या नसायच्या. भरतकामाच्या लाल रेशमाचा धागा सुईनं उकलून त्याचे तंतू बाई एकेक करून चिकटवायच्या. भिंतीवर त्यांच्या गुरूंच्या अक्षरात एक ओळ चौकटीत लावलेली होती: दिसेल ते रंगवावे, वाटेल ते नाही.

"रंगीत डोळा कधी करायचा?" बिट्टीच्या आईनं विचारलं.

"ती नऊ महिन्यांची झाल्यावर. वर्षाची झाल्यावर केला तर आणखी चांगलं."

"मला अडीच महिन्यांनी हवाय."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरीला कुठे मुलाखत आहे का?"

मुलाखत नव्हती, पण प्रकार तसाच होता. बिट्टीच्या पणजीचा, म्हणजे आईच्या आजीचा, नव्वदावा वाढदिवस होता. हॉल ठरला होता, चौसष्ट माणसं येणार होती.

"चौसष्ट माणसं पंख्याबद्दल बोलणार," बिट्टीची आई म्हणाली आणि मग तिनं पंख्याचं सगळं सांगितलं. "मला काही लपवायचं नाहीये बाई. ज्याला सांगायचं त्याला मी सांगीनच. पण एकदा तरी कुणीतरी म्हणावं ना, डोळे अमक्यावर गेलेत. मग भांडावं त्यावरून. सगळ्यांच्या पोरांवरून भांडतात."

बाईंनी बिट्टीला खिडकीकडे वळवलं. उजवा डोळा राखाडी होता, पावसाळी पाटीसारखा. "हा रंग तात्पुरता आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्याला रंगद्रव्य एकच, तपकिरी. ते भरपूर असलं की डोळा काळाभोर, बेताचं असलं की घारा, आणि पुढच्या थरात जवळजवळ नसलंच तर निळा. निळा रंग डोळ्यात नसतोच, तो उजेडाचा खेळ. निळ्याची बाटली फक्त माझ्या टेबलावर. हिचं रंगकाम अजून चालू आहे. अर्ध्या रंगवलेल्या भिंतीला मी जोडीची भिंत कशी देऊ?"

"अंदाजानं?"

बाईंनी चौकटीकडे बोट दाखवलं.

पण त्याच आठवड्यात बिट्टीच्या आईचे वडील जिना चढून आले. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे मोजणीदार म्हणत, कारण ते वाढलेल्या ताटांमधलं अंतरही डोळ्यांनी मोजत. त्यांच्याबरोबर व्याह्यांकडच्या आजी होत्या, बिट्टीच्या वडिलांची आई. आजी घाऱ्या. नुसत्या घाऱ्या नाही, त्याचा अभिमान असलेल्या घाऱ्या. लग्नात आपल्याला मुखड्यापेक्षा डोळ्यांवर होकार आला होता, हे त्या रिक्षावाल्यालाही सांगत.

मोजणीदारांनी टेबलावर गुंडाळी उलगडली. आलेखाच्या कागदावर वंशावळ, प्रत्येक नावापुढे रंगवलेलं वर्तुळ, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

"बाण कशाला?" बाईंनी विचारलं.

"सवय. हे पाहा. आमच्या बाजूला सगळे तपकिरी. मी, माझी कै. पत्नी, तिचे आईवडील, माझी आई, माझे वडील. एकही अपवाद नाही. तेव्हा बाळाचा डोळा तपकिरीच होणार. तुम्ही बिनधास्त रंगवा."

"आणि आमची बाजू वाऱ्यावर?" आजी म्हणाल्या. "मी घारी, माझी आई घारी."

"तुमचा मुलगा तपकिरीच झाला ना, विहीणबाई?"

"तो बापावर गेला. त्याचं मला अजून दुःख आहे."

बाईंना हसू आलं. त्यांनी ड्रॉवरमधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "असं समजा, प्रत्येकाच्या खिशात रंगाच्या दोन चिठ्ठ्या. एक आईनं दिलेली, एक वडिलांनी. आपल्याला मूल झालं की दोनांतली एक त्याला जाते. कुठली, ते आपल्याला कुणी विचारत नाही. तपकिरी चिठ्ठी एक जरी आली तरी डोळा तपकिरी दिसतो. घारा व्हायचा तर दोन्हीकडून घारीच यावी लागते. हा ढोबळ हिशोब हं. खरं तर दोन चिठ्ठ्यांवर भागत नाही, अख्खा गठ्ठा असतो आणि तो कधीकधी सगळ्यांनाच फसवतो."

"म्हणजे माझ्या मुलाच्या खिशात माझी घारी चिठ्ठी आहे," आजी लगेच म्हणाल्या.

"आहेच. दिसत नसली तरी आहे."

"ऐकलंत?"

"ऐकलं," मोजणीदार म्हणाले. "पण माझ्या मुलीच्या खिशात कुठे आहे? ती असल्याशिवाय तुमची एकटी चिठ्ठी काय करणार? बसेल गप्प." त्यांनी वडिलांच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "वडील मी दोन वर्षांचा असताना गेले. पण त्यांचा फोटो आहे माझ्याकडे. चांगला मोठा. बुबुळं अशी गडद, की बघत राहावं."

बाईंनी तो कागद ठेवून घेतला. तो इतका नीटनेटका होता, की त्यावर अविश्वास दाखवणं उद्धटपणाचं वाटलं असतं.

बिट्टी साडेसहा महिन्यांची झाली तेव्हा उजव्या बाहुलीभोवती तपकिरी कडं उमटलं होतं. वाढदिवसाला बारा दिवस उरले होते. बिट्टीची आई खुर्चीत बसली, मांडीवर बिट्टी, बिट्टीच्या तोंडात बाईंच्या चष्म्याची दोरी. बाईंनी काळ्या चकतीवर बुबुळ रंगवायला घेतलं. राखाडी हात दिला, त्यावर कडं काढलं. चकती बाळाच्या डोळ्याशेजारी धरली. हुबेहूब.

इथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण हे कवच तीन महिने चालायचं होतं. कडं उमटलं म्हणजे तपकिरी निघाला आहे, आणि कागदावर तर सगळी वर्तुळं तपकिरी. त्यांनी चौकटीकडे पाठ केली आणि बाहेरच्या कडेपर्यंत तपकिरीचे आणखी दोन हात दिले.

"आज थोडा गडद वाटेल," कवच बसवताना त्या म्हणाल्या. "आठदहा दिवसांत खरा त्याला गाठेल."

खरा गाठेना. बिट्टीची आई रोज सकाळी पोरीला घेऊन गॅलरीत उभी राहायची. पहिल्या दिवशी फरक थोडा होता. चौथ्या दिवशी तेवढाच. मोजणीदार रोज फोन करायचे.

"आला का तपकिरी?"

"नाही बाबा."

"येईल, येईल. निघालाय तो."

बिट्टीचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. ते म्हणाले, "दोन मजल्यांच्या मध्ये अडकला असेल." त्यावर बायकोनं ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापुढे ते डबा न घेताच कामाला गेले.

नवव्या दिवशी राखाडी विरळ होऊ लागला. बाराव्या दिवशी, वाढदिवसाच्या सकाळी, गॅलरीतल्या स्वच्छ उजेडात शंकेला जागाच उरली नाही. कडं होतं तेवढंच होतं. बाकीचं बुबुळ हिरवट, मधाळ, पारदर्शक. उजवा डोळा घारा, डावा खणखणीत तपकिरी.

तिनं बाईंना फोन लावला.

"घारा झालाय."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "दिसलं होतं ते पुसून मी वाटलं ते रंगवलं. तीस वर्षांत असं केलं नव्हतं."

"आज काही होईल?"

"वरचा थर घासायचा, रंगवायचं, पुन्हा थर चढवून शिजवायचं. दोन दिवस लागतात. घाई केली तर बुडबुडे येतात. आधीचं पारदर्शक कवच आहे ना? ते घालून ने. निदान विचित्र दिसणार नाही."

बिट्टीच्या आईनं दोन्ही कवचं रुमालावर ठेवून पाहिली. पारदर्शक म्हणजे पुन्हा पंखा. रंगीत म्हणजे काय, ते माहीत नव्हतं. बिट्टी पालथी पडून रुमालाच्या दिशेनं सरकत होती. माहीत असलेल्या गोष्टीचा तिला साडेसहा महिने वीट आला होता. तिनं हात धुतले आणि रंगीत कवच बसवलं.

हॉलमध्ये खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. त्या ओळी मोजणीदारांनी सकाळी येऊन पुन्हा सरळ केल्या होत्या. पणजी समोरच्या कोचावर बसली होती. तिला ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र व्यवस्थित. दोन्ही मोतीबिंदू काढल्यापासून ती दुसऱ्यांना सुईत दोरा ओवून द्यायची.

सगळ्यात आधी धाकटी काकू आली. मोजणीदारांच्या चुलत भावाची बायको, तिच्या आवाजामुळे हॉलला माइक नको होता. तिनं बिट्टीला उचलून घेतलं.

"नाक बापाचं. हनुवटी तुझी गं बाई, अगदी तुझी. आणि डोळे..."

बिट्टीच्या आईनं पर्सचा बंद मुठीत धरला. काकूनं मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

"अगंबाई! डोळे दोन घरांना वाटून दिलेत की! इकडे या गं सगळ्या!"

पाचसात जणी गोळा झाल्या. मागून पुरुषही आले. कुणी म्हणालं, असं असतं काही मुलांचं, आमच्या शेजारी एक मांजर होतं तसं. त्याला बायकोनं कोपर मारलं. एका मावशीनं जाहीर केलं, की घारा विहीणबाईंचा, शंकाच नाही. घाऱ्या आजींनी पदर सारखा केला आणि चष्मा काढला, पुरावा सर्वांना दिसावा म्हणून.

"आणि डावा आमचा," मोजणीदार पुढे होऊन म्हणाले. "तपकिरी. कागदावर दाखवला होता तस्साच."

"तुमचा तो दुकानातला आहे, व्याहीबुवा," घाऱ्या आजी म्हणाल्या. "देवाघरून आला तो माझा."

ज्यांना माहीत होतं ते जमिनीकडे पाहू लागले, ज्यांना माहीत नव्हतं ते एकमेकांकडे. घाऱ्या आजींनी जीभ चावली. बिट्टीच्या आईला पंखा ऐकू येऊ लागला. खरोखरच वर एक होता आणि कुरकुरत होता.

"दुकानातला असेल," मोजणीदार खाकरून म्हणाले, "पण माप माझ्या कागदावरून घेतलंय! तुमचा नुसताच आलाय, आमचा करून घेतलेला आहे. ऑर्डर देऊन!"

आधी बिट्टीची आईच हसली. पर्सचा बंद सोडून, तोंडावर हात न ठेवता हसली. मग काकू, मग सगळेच. "दाखव गं, कुठला करून घेतलेला?" "तो? मला तर दुसरा वाटला!" "अहो, आमच्या दातांच्या डॉक्टरपेक्षा ही बाई बरी." तिनं एकदाच सगळ्यांना सांगितलं, डावा का नाही, कवच कसं बसतं, धागे रेशमाचे असतात. काकूनं विचारलं, कुठलं रेशीम, शेडचा नंबर काय. पंख्याचं नाव कुणी काढलं नाही.

"इकडे आणा तिला," पणजी कोचावरून म्हणाली. "मला कुणी विचारतच नाही. वाढदिवस कुणाचा आहे?"

बिट्टीला तिच्या मांडीवर दिलं. पणजीनं तिचं तोंड खिडकीकडे केलं आणि उजव्या डोळ्यात पाहिलं. पाहत राहिली.

"हा ह्यांचा आहे," ती म्हणाली.

"कुणाचा?" मोजणीदारांनी कानाशी वाकून विचारलं.

"ह्यांचा. तुझ्या वडिलांचा."

"आई, वडील तपकिरी होते."

"कोण म्हणालं?"

"फोटो आहे ना घरी!"

"फोटो काळा-पांढरा आहे रे. आणि त्या फोटोवाल्याला घारे डोळे फोटोत फिके दिसतात म्हणून बुबुळं शाईनं कोरायची खोड होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे माझं माणूस वाटत नाही." तिनं बिट्टीच्या गालावरून बोट फिरवलं. "घारे होते. असंच कडं होतं आत. लग्न ठरलं तेव्हा मी मान खाली घालून बसले होते, पण तेवढं पाहिलं होतं."

मोजणीदार आणखी खाली वाकले. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुझे माझ्यावर गेले. माझी काही तक्रार नव्हती."

सदुसष्ट वर्षांचा तो माणूस खुर्ची ओढून आईच्या गुडघ्याशी बसला. बिट्टी त्याच्याकडे पाहत होती, एका डोळ्यानं, नेहमीसारखी. त्यानं तिला जवळ घेतलं, खिडकीकडे वळवलं, आणि हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. ही शांतता वेगळी होती. बिट्टीच्या आईला तीत ओळखीचं काहीच सापडलं नाही.

बऱ्याच वेळानं मोजणीदारांनी डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"मग उजवाही आमचाच," ते म्हणाले.

"अहो, थोडं तरी ठेवा आमच्याकडे!" घाऱ्या आजी ओरडल्या.

"तुमच्याशिवाय उमटलाच नसता, विहीणबाई," पणजी म्हणाली. तिला हे मात्र बरोबर ऐकू आलं होतं. "दोन्हीकडून आलाय तो. बसा आता. केक कापायचा का पुढच्या वर्षी?"

चार दिवसांनी सगळे कार्यशाळेत होते. मोजणीदारांनी कागद दुरुस्त करून आणला होता. वडिलांचं वर्तुळ खोडून घारं केलं होतं, शेजारी तारीख आणि सही. बाईंनी तो बघितला आणि चौकटीच्या बाजूला खिळा शोधू लागल्या.

"लावू नका," ते ओशाळून म्हणाले.

"लावणारच. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

जुनं कवच न घासता बाईंनी नवंच करायला घेतलं; बुबुळ रंगवायला दोन तास लागले. या वेळी बाईंनी एकेक हात दिल्यावर चकती डोळ्याशेजारी धरली आणि डोळ्यानं थांब म्हटलं तिथे थांबल्या. कडं, हिरवट, मध. दोन दिवसांनी शिजून आलेलं कवच बसवलं तेव्हा घाऱ्या आजींनी आधी डाव्या डोळ्याचा मुका घेतला, मग उजव्याचा, मग म्हणाल्या, "झालं. आता दोन्ही माझे."

मोजणीदारांनी हात पुढे केला. "आमचा तपकिरी परत द्या."

"अहो, तो आता निकामी आहे," बाई म्हणाल्या.

"निकामी कसा? वडिलांचा डोळा मिळाला मला त्याच्या चुकीमुळे. द्या."

बाईंनी दिला. त्यांनी तो चष्म्याच्या डबीत, फडक्याच्या घडीत ठेवला आणि डबी शर्टाच्या खिशात.

जिना उतरल्यावर खाली चष्मेवाला दुकानदार दारातच होता. बिट्टीला त्यानं आजवर फक्त वर जाताना आणि खाली येताना पाहिलं होतं. आज तो बाबागाडीवर वाकला.

"नाक बापाचं दिसतंय," तो म्हणाला. "हनुवटी तुमची. आणि डोळे कुणावर गेलेत?"

बिट्टीच्या आईनं मागे पाहिलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचे वडील खिशातून डबी काढत होते आणि सासूबाई चष्मा.

"त्याचा वाद चालू आहे," ती दुकानदाराला म्हणाली आणि दुकानात जाऊन खुर्चीत बसली. "तुम्हीही बसा. वेळ लागेल."